आधी मागचं पाहा, मग पक्षी: भिगवणच्या पाण्यावर फ्रेम आणि एक्स्पोजर जमवताना

भिगवणच्या माझ्या पहिल्या फेरीत मी नऊशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन लॅपटॉपवर उघडले, तर त्यातले बगळे दोरीवर वाळत घातलेल्या बनियनसारखे. आकार बगळ्याचा, पण पीस एकही दिसेना. पाणकावळ्यांचं उलट, काळ्या कागदातून कातरून काढल्यासारखे. ज्या एका फोटोत उजेड बरोबर आला होता, त्यात पलीकडच्या काठाची रेघ रोहिताच्या (फ्लेमिंगोच्या) मानेतून आरपार गेली होती. बरेच दिवस मी लेन्सला दोष देत होतो. खरं तर मी सगळी सकाळ पक्ष्याकडे पाहत होतो आणि त्याच्या मागे काय आहे, याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

मागे काय आहे यावरच मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग, फसतो आणि त्यावरच फ्रेम बिघडते. त्यामुळे एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) आणि कंपोझिशन (फ्रेमची मांडणी) हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात, ते मला पटत नाही. खालचा क्रम मी होडीत बसून, चुकत चुकत बसवलेला आहे. उदाहरणं बहुतेक भिगवणचीच आहेत, कारण मी सर्वांत जास्त तिथेच चुकलो.

निघण्याआधी: ऊन, वारा, पाणी

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याचा फुगवटा इंदापूर तालुक्यात भिगवणच्या आसपास पसरतो. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं हे अंतर साधारण १०० किलोमीटर. कुंभारगाव, डिकसळ या गावांतून होड्या मिळतात. रोहित उथळ पाण्यात चरतो, म्हणून पाणी उतरून चिखलपट्टे उघडे पडल्याशिवाय तो फारसा दिसत नाही. धरण काठोकाठ भरलेलं असेल त्या वर्षी तो उशिरा येतो. तेव्हा कॅलेंडर पाहून निघण्यापेक्षा नावाड्याला फोन करा. फक्त ‘रोहित आलेत का’ असं विचारू नका, ते नाव पुस्तकातच राहिलंय. तिथं सगळे ‘फ्लेमिंगो’च म्हणतात.

जानेवारीत सूर्य सातच्या पुढेमागे उगवतो. त्या वेळी तुम्ही होडीत असायला हवं, चहाच्या टपरीवर नव्हे. पहिले दोन तास सोन्याचे. साडेनऊ-दहानंतर ऊन डोक्यावर यायला लागतं, पक्ष्याच्या पोटाखाली आणि चोचीखाली काळी सावली पडते आणि पाण्यावरची हवा थरथरू लागते. ही थरथर लांबच्या फोटोत मऊ, पुसट कडा होऊन येते. लोक फोकस चुकला म्हणून कॅमेरा दुकानात घेऊन जातात. कितीही महागडी लेन्स लावली तरी थरथरत्या हवेला इलाज नाही. जवळ पक्षी असेल तर काढा, नाहीतर गावात जाऊन भाकरी-मासे खा.

वाऱ्याचा विचार बहुतेक जण करतच नाहीत. पक्षी उतरताना आणि उडताना शक्यतो वाऱ्याला तोंड देतो. म्हणजे ऊन तुमच्या पाठीमागून आणि वाराही पाठीमागूनच येत असेल, तर उतरणारा पक्षी तोंडानं तुमच्याकडे येईल आणि त्याच्या छातीवर ऊन असेल. वारा समोरून असेल, तर दिवसभर शेपट्यांचे फोटो मिळतील. होडीत बसताना नावाड्याला सांगायचं, ‘दादा, ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी राहू द्या.’ त्याला बाकीचं कळतं. त्या पाण्यावर तो आपल्यापेक्षा खूप जास्त सकाळी गेलेला असतो.

होडीत: खाली वाका

भिगवणच्या होड्या बुटक्या असतात, हे मोठं भाग्य आहे. तरीही लोक फळीवर ताठ बसून, कॅमेरा डोळ्याला लावून फोटो काढतात. मग पक्षी वरून दिसतो, त्याच्या मागे जेमतेम दोन-तीन मीटरवरचं पाणी येतं आणि त्यातली प्रत्येक लाट, प्रत्येक शेवाळाचा तुकडा फोटोत उतरतो.

लेन्स होडीच्या काठावर ठेवा आणि स्वतः तळाशी बसा. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आला की त्याच पक्ष्याच्या मागे आता शंभर-दोनशे मीटरवरचं काहीतरी येतं आणि ते विरघळून रंगाचा एक पडदा होतं. मागचा भाग धूसर होण्यात अ‍ॅपर्चरचा वाटा आहेच (ते म्हणजे लेन्सचं उघडं भोक; एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं), पण पक्षी आणि मागची वस्तू यांतलं अंतर त्याहून जास्त काम करतं. एफ ६.३ ची साधी लेन्ससुद्धा खाली वाकल्यावर महागड्या लेन्ससारखी वागायला लागते.

ट्रायपॉड होडीत नेऊ नका. इंजिनाची धडधड तो थेट कॅमेऱ्यापर्यंत पोचवतो. जुन्या जीन्सचा एक पाय कापून, दोन्ही टोकं शिवून त्यात दोनेक किलो तांदूळ भरा. एवढी पिशवी पुरते. आणि फोटोच्या वेळी इंजिन बंद, वल्ह्यानं जायचं. पक्षी बुजत नाही आणि हातही स्थिर राहतो.

आधी शटर ठरवा

एक्स्पोजरचे तीन आकडे असतात: शटर (उजेड किती वेळ आत येतो), अ‍ॅपर्चर आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), पण ते तिन्ही एकदम जुळवत बसलात की पक्षी निघून जातो. पक्ष्यांच्या बाबतीत क्रम ठरलेला आहे: शटर पक्षी ठरवतो, अ‍ॅपर्चर बहुतेक वेळा लेन्स उघडेल तेवढं, आणि उरलेली भरपाई आयएसओ करतो.

काठावर ध्यान लावून बसलेला राखी बगळा १/४०० सेकंदाला मिळतो. चिखलात लगबगीनं चालणाऱ्या शेकाट्याला १/१००० लागतो, कारण त्याचं डोकं सतत वरखाली होतं. उडणाऱ्या रोहिताला १/१६०० पुरे. नदी सुरय पाण्यात सूर मारतो तेव्हा किंवा खंड्या झेपावतो तेव्हा १/३२०० च्या खाली येऊ नका. होडी हलती आहे, हेही विसरायचं नाही. जमिनीवर जे १/२५० ला जमतं, त्याला इथे दुप्पट वेग लागतो.

मग आयएसओ वाढतो आणि लोक घाबरतात. १६००, ३२०० ला दाणे येतात हे खरं, पण दाणे घरी सॉफ्टवेअरनं बरेच कमी होतात. हललेला डोळा कशानंच परत येत नाही.

अ‍ॅपर्चरबद्दल एकच गोष्ट ध्यानात ठेवा. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० मिमी लेन्स, एफ ६.३ आणि पक्षी १० मीटरवर असेल, तर धारदार पट्टा एकूण जेमतेम १० सेंटिमीटर जाडीचा असतो. एकट्या खंड्याला तो पुरतो, म्हणून फोकस डोळ्यावर. पण दोन पक्षी मागेपुढे असतील, तर एफ ८ किंवा एफ ११ वर जा, नाहीतर त्यातला एक सोडून द्या. दोन्ही जमतील अशी आशा मी खूप वर्षं बाळगली.

मीटर कसा फसतो

इथे थोडं थांबू, कारण जळालेले, म्हणजे पांढरेफेक होऊन पिसं हरवलेले, बगळे इथूनच येतात.

मीटरला पक्षी ओळखू येत नाही. त्याला फक्त उजेड कळतो आणि समोर जे येईल ते एकूण मध्यम करडं आहे, असं गृहीत धरून तो हिशेब करतो. नवे कॅमेरे थोडे शहाणे झालेत, तरी स्वभाव तोच. फ्रेमचा बहुतांश भाग काळा असेल, तर तो म्हणतो, ‘फार अंधार झाला’, आणि सगळं उजळतो. बहुतांश पांढरा असेल, तर सगळं मंद करतो.

आता एकच बगळा घ्या. सकाळचं ऊन त्याच्यावर आहे, मागे सावलीतलं गडद पाणी आहे आणि फ्रेममध्ये बगळा छोटासा. मीटर पाणी पाहतो, सगळं उजळतो, आणि बगळ्याचं बनियन होतं. इथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबात आपण हातानं केलेली घट-वाढ, उणे १ ते उणे १.७ स्टॉप लागतं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

तोच बगळा होडीजवळ आला आणि त्यानं फ्रेम भरली. आता मीटरला पांढरंच पांढरं दिसतं. तो मंद करतो आणि बगळा पावसात भिजलेल्या भिंतीसारखा करडा येतो. इथे अधिक ०.७ ते अधिक १.

तोच बगळा उडाला आणि मागे ढगाळ, पांढुरकं आकाश आलं. मीटर आकाश पाहून घाबरतो, बगळ्याचं पोट काळवंडतं. इथे अधिक १.३ पासून सुरुवात करून अधिक २ पर्यंतही जावं लागतं. आकाश निळं असेल आणि ऊन बगळ्यावर असेल, तर मात्र शून्याच्या आसपासच राहायचं.

पक्षी एकच, दहा मिनिटांच्या आत तीन वेगळी उत्तरं. म्हणून ‘पांढऱ्या पक्ष्याला उणे करा’ असलं सूत्र कोणी दिलं तर ते अर्धवट आहे. पक्ष्याचा रंग एकटा पुरत नाही. मागचा रंग आणि फ्रेममध्ये कोणी किती जागा घेतली आहे, हे धरूनच आकडा ठरतो.

काळ्या पक्ष्याचं गणितही असंच. बांबूवर पंख वाळवत बसलेला मोठा पाणकावळा आणि मागे उन्हानं चकाकणारं पाणी, ही भिगवणची नेहमीची जोडी. मीटर चकाकीला भुलतो आणि पाणकावळा नुसता आकार होऊन उरतो. अधिक १ किंवा थोडं वर जा. मागचं पाणी थोडं जळेल, जळू द्या. त्या बदल्यात पंखावरची कांस्यासारखी झाक आणि पाचूसारखा हिरवा डोळा मिळतो. हा डोळा दिसेपर्यंत मला पाणकावळा हा कंटाळवाणा पक्षी वाटायचा.

सगळ्यांत अवघड ते काळा-पांढरा दोन्ही असणारे: शेकाट्या, कवड्या खंड्या, आणि वारकरी. वारकरी म्हणजे तो गोल, काळा पाणपक्षी, ज्याच्या कपाळावर पांढरा टिळा असतो. नाव ज्यानं ठेवलं त्याला नमस्कार. याच्या काळ्या अंगावर एक्स्पोजर धरलंत, तर टिळा आणि चोच जळून जातात. अशा वेळी पांढऱ्याला सांभाळा आणि काळं घरी उजळा. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या) अंधारात लपलेलं बरंच काही परत काढता येतं, पण पूर्ण जळालेल्या पांढऱ्यात काढायला काही उरलेलंच नसतं.

मॅन्युअल कधी आणि का

कॉम्पेन्सेशनची चकती फिरवायला बसलेल्या पक्ष्यासमोर वेळ मिळतो. उडणारा पक्षी मात्र काठाच्या झाडीसमोरून निघतो, पाण्यावरून जातो आणि चार सेकंदांत आकाशात पोचतो. त्या चार सेकंदांत मागचा रंग तीनदा बदलला, म्हणून मीटर तीनदा डगमगतो. पण पक्ष्यावर पडणारं ऊन एवढ्यात बदललं का? तसूभरही नाही.

म्हणून स्वच्छ ऊन असेल तेव्हा पूर्ण मॅन्युअल, म्हणजे सगळे आकडे आपले, आणि आयएसओसुद्धा हातानं ठरवलेला. ऑटो आयएसओ (कॅमेराच ठरवतो तो) ठेवून मॅन्युअल मोड वापरला की माणसाला वाटतं आपण सगळं ताब्यात घेतलंय. प्रत्यक्षात मीटर मागच्या दारानं आत आलेला असतो. ढग येत-जात असतील किंवा पक्षी उन्हातून सावलीत ये-जा करत असतील तेव्हा ऑटो आयएसओ कामाचा, पण मग अंगठा कॉम्पेन्सेशनच्या चकतीवर हवा.

मॅन्युअलचा पहिला आकडा कुठून आणायचा? फिल्मच्या काळातलं जुनं गणित आजही चालतं. लख्ख उन्हात एफ १६ ला शटर म्हणजे आयएसओचा व्यस्तांक. आयएसओ ४०० असेल, तर एफ १६ ला १/४००. एफ ५.६ पर्यंत तीन स्टॉप उघडलं की तेच १/३२०० होतं. पांढऱ्या पक्ष्यासाठी त्याहून एक स्टॉप कमी: शटर १/६४०० करा किंवा आयएसओ २०० वर आणा. हे सूर्य चांगला वर आल्यावरचं गणित आहे. कोवळं ऊन बरंच मंद असतं. तेव्हा होडीच्या आसपास जो बगळा उन्हात उभा असेल त्याचा एक फोटो काढायचा, पडद्यावर पाहायचा, पांढरं जळत असेल तर एकेक तृतीयांश स्टॉप खाली यायचं. जळणं थांबलं की तो आकडा पुढची पंधरा मिनिटं आपला. ऊन चढेल तसा पुन्हा तपासायचा.

हिस्टोग्राम, आणि रोहिताचा लाल

कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा उजेड पाहून एक्स्पोजर ठरवू नका. उन्हात पडदा नेहमी अंधारा दिसतो आणि तुम्ही उगाच उजळत जाता. हायलाइटची लुकलुक (जळालेला भाग पडद्यावर लुकलुकतो ती सोय) चालू ठेवा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद-उजळ किती आहे याचा आलेख, पाहा. उजवी भिंत म्हणजे पांढरं, डावी म्हणजे काळं. डोंगर मध्येच असायला हवा असं काही नाही. गडद पाण्यावरच्या छोट्या बगळ्याचा डोंगर डावीकडेच असणार. पाहायचं ते एवढंच, की बगळ्याची ती उजवीकडची बारीक शेपटी भिंतीला चिकटली आहे का. चिकटायच्या अलीकडे थांबली, तर नेमकं.

लुकलुक कॅमेऱ्यातल्या जेपेगवरून ठरते. त्यामुळे रॉमध्ये त्याहून थोडी जास्त जागा असते. पिक्चर स्टाइल (जेपेगचे रंग आणि उठाव ठरवणारी सेटिंग) न्यूट्रल ठेवलीत, तर दिसणारं खऱ्याच्या जवळ जातं.

रोहिताचं प्रकरण वेगळं आहे. बसलेला रोहित फिकट, गुलाबीसर पांढरा. पंख उघडले की आत लालभडक पट्टा आणि काळी पिसं दिसतात. अग्निपंख हे नाव त्यावरूनच. कोवळ्या उन्हात हा लाल इतका पेटतो, की हिस्टोग्रामचा पांढरा डोंगर शांत असतानाही लाल रंगाचा डोंगर भिंतीला धडकलेला असतो. फोटोत मग पंखावर पिसांच्या रेघांऐवजी लाल रंगाचा सपाट डाग येतो. तुमच्या कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम असेल, तर तोच लावा. नसेल, तर थव्यानं पंख उघडण्याआधी एक-दोन तृतीयांश स्टॉप खाली या. मी आता खालीच राहतो, उजळायचं काम घरी करतो.

फ्रेम: काठाची रेघ, पाय, आणि रिकामी जागा

आता पुन्हा मागे पाहू. उजनीच्या काठावर काय नाही? विजेचे खांब, उसाचे फड, पंपाचे पाइप, गुलाबी शर्टातला माणूस. फोटो काढण्याआधी व्ह्यूफाइंडरच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. सुरुवातीला याला तीन सेकंद लागतात, पुढे अर्धा. खांब पक्ष्याच्या डोक्यातून उगवत असेल, तर होडी हातभर सरकवली की तो बाजूला होतो. मागची वस्तू लांब असली, की आपल्या थोड्याशा हालचालीनं ती फ्रेममध्ये खूप सरकते. ‘दादा, थोडं डावीकडे’ हे भिगवणमध्ये मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य आहे.

काठाची रेघ, म्हणजे पाणी जिथे संपतं ती आडवी पट्टी, डोक्यातून किंवा मानेतून जाऊ देऊ नका. उंच मानेच्या पक्ष्यांत हे टाळणं कठीण. एक तर आणखी खाली वाकून डोकं पूर्णपणे रेघेच्या वर आकाशात घ्या, नाहीतर थोडं वर उठून सगळा पक्षी पाण्यावर घ्या. मधलं काहीच चांगलं दिसत नाही. आणि ती रेघ आडवीच हवी. कलंडलेल्या पाण्यातला पक्षी घसरून खाली पडेल असं वाटतं.

पायांवर लोक फार अन्याय करतात. शेकाट्याचं अर्धं सौंदर्य त्याच्या लालसर पायांत आहे आणि फोटोत ते गुडघ्यात कापलेले असतात. पाय पाण्यात असतील, तर ते जिथे पाण्यात शिरतात ती जागा आणि तिच्याखाली थोडं पाणी दिसू द्या. प्रतिबिंब असेल, तर पूर्ण घ्या, चोचीच्या टोकापर्यंत. अर्धं प्रतिबिंब म्हणजे चुकून आलेलं. नाहीतर मुद्दाम मानेपर्यंतच जवळ जा आणि पाय विसरा. अंदाज असावा म्हणून: फुल फ्रेमवर ६०० मिमी लेन्सच्या चौकटीची लांब बाजू ३० मीटरवर साधारण १.८ मीटर असते. मोठा रोहित सव्वा मीटरच्या आसपास उंच. म्हणजे कॅमेरा उभा धरलात तर तो मावतो, पण पूर्ण प्रतिबिंब मावत नाही. त्यासाठी लांब राहा किंवा झूम मागे घ्या. जवळ जाण्याच्या नादात सगळे हेच विसरतात.

पक्षी जिकडे पाहतो तिकडे जागा सोडा, हे सगळ्यांना माहीत आहे. कमी सांगितलं जातं ते मानेबद्दल. पक्ष्याचं डोकं किंचित आपल्याकडे वळलेलं असेल तेव्हाच फोटो जिवंत होतो. किंचित पलीकडे वळलं, की तेच पाठ फिरवलेल्या पाहुण्यासारखं वाटतं. हा फरक पाच-दहा अंशांचा असतो. म्हणून डोळ्यात उन्हाचा ठिपका चमकेपर्यंत थांबा. तो चमकला की डोकं बरोबर वळलंय असं समजा.

थव्याचा फोटो काढताना मोजणी नको. डोकी मोकळी हवीत. पन्नास रोहितांत एकमेकांत अडकलेल्या माना म्हणजे गुंतलेली लोकर. थव्याच्या टोकाला चार-पाच जण सुटे असतात, तिथे कॅमेरा न्या. चरताना सगळ्यांची डोकी पाण्यात असतात. त्यातला एक मान वर करतो, तो क्षण धरा. बाकीचे त्याच्यासाठी चौकट होतात.

आणि कधीतरी पक्षी छोटा ठेवा. बांबूवर एकटा सुरय, बाकी सगळं धुक्यातलं पाणी. आपल्याकडे फोटोवर ‘किती जवळून मिळाला!’ अशी दाद मिळते, म्हणून सगळे पिसं मोजण्याच्या मागे लागतात. पण तो पक्षी राहतो कुठे, हे त्यात दिसतच नाही.

उडताना

उडण्याआधी पक्षी सांगतो. रोहित माना ताठ करून एका दिशेला चालू लागतात, मग पाण्यावर धावतात. बगळा, घार, खंड्या उडण्याआधी बऱ्याचदा शिटतात. हसू येईल, पण या इशाऱ्यावर मला कितीतरी फोटो मिळालेत. तो दिसला की झूम थोडं मागे घ्यायचं, कारण पंख उघडल्यावर पक्षी दुप्पट रुंद होतो आणि पंखांची टोकं कापली जातात. लांबून येणारा पक्षी आधीपासून व्ह्यूफाइंडरमध्ये धरून सोबत फिरत राहा, बटण जवळ आल्यावर दाबा. पंख पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असताना फोटो बोलतो. पंख आडवे असताना पक्षी काडीसारखा दिसतो आणि डोक्यावर सावली येते.

सरावासाठी कवड्या खंड्यासारखा गुरू नाही. तो पाण्यावर एकाच जागी फडफडत, चोच खाली करून काही सेकंद थांबतो. १/२५०० ठेवा, फोकस डोळ्यावर ठेवा, आणि तो सूर मारेल तेव्हा त्याच्या मागे जाण्याचा प्रयत्न करू नका. पहिले पन्नास प्रयत्न तरी फुकट जातात.

थवा उडवण्यासाठी होडी आत घालायला सांगणारे लोक दर हंगामात भेटतात. काही जण कुरव (सीगल) गोळा करायला फरसाण फेकतात. उडवलेल्या थव्याचा फोटो लगेच ओळखू येतो: सगळ्यांच्या शेपट्या तुमच्याकडे. चरायचं सोडून पळालेले पक्षी परत स्थिरावेपर्यंत ऊन चढलेलं असतं, आणि मागच्या होडीतल्या माणसाची सकाळही तुम्ही संपवलेली असते.

झाडीत गेल्यावर

सिंहगड व्हॅलीत किंवा कर्नाळ्यात नियम तेच, फक्त ऊन तुकड्यातुकड्यांनी येतं. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर सावलीत बसला तर मागचा अंधार मीटरला फसवतो. उणे १ पासून सुरुवात करा. त्याच्या अंगावर उन्हाचा एक कवडसा पडला, तर तो कवडसा हमखास जळतो. तो पूर्ण सावलीत सरकेपर्यंत थांबा. मऊ, सारख्या उजेडात काढलेला फोटो कवडशातल्या फोटोपेक्षा नेहमी सरस येतो. शेपटी लांब, म्हणून कॅमेरा उभा आणि खाली भरपूर जागा. पक्ष्यांचा आवाज मोबाइलवर वाजवून त्यांना बोलावू नका, आणि घरट्याकडे लेन्स नेऊच नका. आपण फांदी बाजूला केली, की त्याच वाटेनं कावळाही आत पाहतो.

घरी, आणि पुढच्या फेरीआधी

घरी आल्यावर पहिल्यांदा डोळा. शंभर टक्के मोठा करून डोळा धारदार नसेल, तर फोटो काढून टाका, कितीही दुर्मीळ पक्षी असो. मग काठाची रेघ सरळ करा, हायलाइट थोडे ओढा, सावल्या थोड्या उजळा. काळ्या पक्ष्याची सावली इतकी उजळू नका की पाणकावळा राखाडी होईल. क्रॉप करताना आधी मागचा पसारा काढा, पक्षी मोठा करणं नंतर.

जो फोटो बिघडला त्याची माहिती उघडून शटर, आयएसओ, कॉम्पेन्सेशन पाहा आणि शेजारी लिहा की मागे काय होतं: गडद पाणी, चकाकी, आकाश, झाडी. माझ्या वहीत अशा दोन पानांनंतर आकडे पुन्हा पुन्हा तेच यायला लागले.

भिगवणला जायची वाटही पाहावी लागत नाही. सकाळी आठला गच्चीवर जा. पाण्याच्या टाकीवर कावळा असतोच. एकदा मागे आकाश, एकदा समोरच्या इमारतीची गडद भिंत घेऊन काढा आणि दोन्हीकडे कॉम्पेन्सेशन किती लागलं ते पाहा. पांढऱ्यासाठी नाल्याकाठचा किंवा गुरांमागचा गाय बगळा आहे. कावळा उडून गेला, तर काळजी नको. दुसरा येतोच.